थंडीत सुरू न होणारी जुनी डिझेल गाडी : दोष शोधावा कसा?

मोहरीवरील माव्याचे सर्वेक्षण डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. उत्तर भारतात नेमके हेच दिवस कडाक्याच्या थंडीचे व दाट धुक्याचे असतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी हरियाणाच्या हिसार-सिरसा पट्ट्यात कामास होतो, तेव्हा आमच्या सर्वेक्षण पथकाकडे एक जुनी डिझेल जीप होती. निघण्याची वेळ सकाळी सातची. प्रत्यक्षात जीप सुरू होईपर्यंत कधी साडेआठ, कधी दहा वाजत. रोपाच्या शेंड्याच्या वरच्या १० सेंटिमीटर भागावरील मावा मोजायचा आणि त्यावरून पुढील आठवड्याचा फवारणीचा सल्ला द्यायचा, हे आमचे काम. त्या हंगामात सलग दोन आठवडे आम्ही ठरलेल्या गावांपैकी निम्म्या गावांतही पोहोचू शकलो नाही. ज्या गावांची मोजणी झाली नाही, तेथील शेतकऱ्यांना अंदाजाने सांगावे लागले. अशा सल्ल्याने फवारणी एक तर वाया जाते किंवा उशिरा होते, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

त्या दोन महिन्यांत आम्ही जीपच्या बाबतीत नेमके तेच केले, जे करू नका असे शेतकऱ्यांना सतत सांगत असतो. पान पिवळे दिसले की औषध, पान मुरडले की दुसरे औषध. प्रथम बॅटरी नवी घेतली. मग हीटर प्लग बदलले. मग नोझल दुरुस्तीस पाठविले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी होई. अखेर एका मिस्त्रीने ‘कॉम्प्रेशन गेले, इंजिन उघडावे लागेल’ असे सांगितले आणि त्या खर्चाचा प्रस्तावही तयार झाला. दरम्यान हलगर्जीचा ठपका चालकावर येऊ लागला होता. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. चाचा एवढेच म्हणत, की ही गाडी सोमवारी जास्त रुसते. या वाक्याला आम्ही हसत असू. त्याची नोंद मात्र कोणी घेतली नाही.

डिझेल इंजिनाला थंडी का बाधते?

पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या भागाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती कित्येक शे अंशांपर्यंत तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सुरू होण्यासाठी लागणारी सारी उष्णता अशी दाबातूनच यावयाची असते.

थंडीत या व्यवस्थेवर तीन बाजूंनी ताण येतो. इंजिन ऑइल दाट होते, त्यामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि शून्याच्या आसपास तिची सुरू करण्याची ताकद पाव ते एक तृतीयांशाने घटते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा कमी होतो. शिवाय सिलिंडरच्या थंड भिंती दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतात आणि इंजिन जितके सावकाश फिरेल तितका त्यांना शोषण्यास अधिक वेळ मिळतो. निरोगी इंजिन हा ताण सोसते. मेच्या उन्हात लपून राहिलेला लहानसा दोष जानेवारीच्या पहाटे उघडा पडतो तो यामुळे. निफाडसारख्या भागात पारा पाच अंशांखाली उतरतो, तेथील द्राक्ष बागायतदारांनाही जुन्या ट्रॅक्टरबाबत हा अनुभव असेलच.

पहिला प्रश्न : थंडीमुळे, की उभी राहिल्यामुळे?

‘सकाळी सुरू होत नाही’ या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. सकाळी गाडी थंड असते, आणि ती रात्रभर उभीही असते. आठवडाभर साधी नोंद ठेवली की या दोहोंची फारकत करता येते: किती तास उभी होती, रात्रीचे किमान तापमान किती होते, आणि किती सेकंद सेल्फ मारावा लागला.

आम्ही ही नोंद मागे जाऊन लॉगबुकातून काढली. चाचांचे हस्ताक्षर वाईट होते, पण सवय चांगली होती. निघण्यास उशीर झाला की ते कारण लिहीत. ऑक्टोबरमध्ये, पहाटेही थंडी नसताना, सोमवारी जीप सुरू होण्यास त्रास झाल्याच्या तीन नोंदी सापडल्या. त्याच महिन्यातील मंगळवार ते शनिवार निर्वेध होते. सोमवार आणि मंगळवार यांच्या तापमानात फरक नव्हता. फरक होता तो रविवारभर उभे राहण्याचा. दुसरी नोंद अधिक बोलकी होती. जानेवारीत एका मुक्कामी चाचांनी जीप कालव्याच्या बांधाच्या उतारावर, तोंड खाली करून लावली होती, सकाळी धक्का न मारता उतरतीवरच गिअरमध्ये सुरू करता यावी म्हणून. ती रात्र हंगामातील सर्वांत थंड रात्रींपैकी एक होती. सकाळी जीप सेल्फच्या पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आम्ही त्याला नशीब म्हटले होते. वस्तुतः त्या रात्री मागील बाजूची डिझेल टाकी इंजिनापेक्षा वर आली होती.

एवढ्यावरून इंजिनाच्या झिजेकडे जाणारी वाट जवळजवळ बंद होते. कॉम्प्रेशन गेलेले इंजिन उतारावर तोंड करून उभे केल्याने बरे होत नाही. आता संशय इंधनाच्या मार्गावर होता. तो मार्ग पुढे पाहू. त्याआधी प्रत्येक गाडीत तपासाव्यात अशा दोन गोष्टी, कान आणि डोळे यांनीच होणाऱ्या.

सेल्फचा आवाज ऐकावा

इंजिन जोमाने फिरत असूनही सुरू होत नाही, की मुळात जोमाने फिरतच नाही? डिझेल इंजिन पेटण्यासाठी मिनिटाला किमान शंभर-दीडशे फेऱ्या हव्यात. सेल्फ ‘घर्र... घर्र...’ असा ओढत असेल, तर पंप वा नोझल यांना हात लावू नये. आधी वीज पाहावी.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भारित आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी, असे समजावे. दुसऱ्याने सेल्फ मारीत असताना हा आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरी रिकामी किंवा निकामी आहे. आकडा ११ च्या जवळ टिकून असेल आणि तरीही सेल्फ मंद असेल, तर बॅटरी बदलून उपयोग नाही. वीज वाटेत अडते आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारावा. ०.३ व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे. जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो आणि तो काढण्यास सँडपेपर व पाना पुरतो. टर्मिनलवरील पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, वर व्हॅसलीन लावावे.

बॅटरी, तारा व सेल्फ ठीक असूनही इंजिन जड फिरत असेल तर डिपस्टिक पाहावी. जुने इंजिन ऑइल पिऊ लागले की दाट ऑइल घालण्याचा सल्ला मिळतो. उन्हाळ्यात त्याने धूर कमी दिसतो, हे खरे. जानेवारीत तेच ऑइल मधासारखे होऊन बसते. उत्तरेकडील हिवाळ्यासाठी बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना १५ डब्ल्यू ४० श्रेणीचे ऑइल योग्य ठरते. तरी निर्मात्याची पुस्तिका अंतिम मानावी.

सायलेन्सरकडे पाहावे

सेल्फ मारीत असताना एकाने मागे उभे राहून धूर पाहावा. एवढ्याशा निरीक्षणाने अर्धे निदान होते, आणि तेच सहसा कोणी करीत नाही.

धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. काळा धूर निघत असेल तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर उघडून पाहावा. (माझ्या व्यवसायाला स्मरून सांगतो: एअर क्लीनरमध्ये उंदराचे घरटे, आणि टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रात कुंभारीण माशीचे मातीचे घर, ही दोन्ही मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. श्वासछिद्र बुजले की इंजिन सुरू होऊन काही मिनिटांनी दम तोडते आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येतो.) इंजिन सुरू होऊन मिनिटभर लंगडत चालत असेल, पांढरा धूर सोडीत असेल आणि मग आपोआप सुरळीत होत असेल, तर एखाददुसरा सिलिंडर मागे राहतो आहे. असे असल्यास हीटर प्लग किंवा नोझल यांवर संशय घ्यावा.

आमच्या जीपला सेल्फ मारताना पहिले वीस-पंचवीस सेकंद धूर नसे. दोन महिने आम्ही सर्व जण बॉनेटकडे तोंड करून उभे होतो.

पांढरा धूर असेल तर : उष्णता

ज्या इंजिनांत डिझेल आधी लहान पूर्वकक्षात फवारले जाते, त्यांना थंडीत हीटर प्लगवाचून गत्यंतर नाही. प्लगची वायर सोडवून मीटरने त्याचा रोध मोजावा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवितो, तुटलेला अनंत. चारही प्लग चांगले असून ते तापत नसतील, तर रिले किंवा फ्यूज पाहावा. फार जुन्या काही इंजिनांत हे प्लग एकापुढे एक असे जोडलेले असतात. त्यांतील एक तुटला की सारेच विझतात. अशा प्लगला थेट १२ व्होल्ट लावून तपासण्याचा मोह टाळावा, तो जळतो.

बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेल थेट सिलिंडरात जाते आणि त्यांना हीटर प्लग नसतातच. काहींत हवेच्या मार्गात ‘थर्मोस्टार्ट’ बसविलेला असतो. तो थोडे डिझेल जाळून आत जाणारी हवा तापवितो. कित्येक ट्रॅक्टरांवर तो वर्षानुवर्षे बंद पडलेला असतो आणि मालकाला तो असल्याचेही ठाऊक नसते.

उष्णतेचाच प्रश्न आहे का, याची खात्री करण्याची एक सोपी कसोटी आहे. रेडिएटरमधील पाणी (किंवा कूलंट, परत वापरण्यासाठी स्वच्छ भांड्यात) काढून त्यात हाताला सोसेल इतके गरम पाणी भरावे आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारावा. उकळते पाणी कधीही ओतू नये; थंड धातूला तडा जाण्याचा धोका असतो. इंजिन सहज सुरू झाले तर दोष प्लग किंवा कॉम्प्रेशनमध्ये. काहीच फरक पडला नाही तर इंधनाकडे वळावे.

धूर नसेल तर : इंधनाचा मार्ग

येथे पहिली तपासणी फुकटाची आहे. इंजिन बंद करण्याची खेचदोरी पूर्णपणे आत गेली आहे ना, हे पंपावरील तिच्या दांडीशी जाऊन पाहावे. जुनी, सुकलेली दोरी थंडीत अर्ध्यावर अडकते आणि पंप डिझेल सोडीत नाही.

दुसरी तपासणी हवेची. जीपमध्ये टाकी इंजिनापेक्षा खाली असते. डिझेल वर खेचले जाते आणि इंजिन बंद झाल्यावर एकमार्गी झडपेच्या व घट्ट सांध्यांच्या बळावर नळीतच थांबते. एखादा सांधा हवा घेऊ लागला की डिझेल रात्रभरात हळूहळू टाकीकडे उतरते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी पंपाला आधी ती हवा बाहेर ढकलावी लागते. ही गळती फसवी असते, कारण अशा सांध्यातून डिझेल बाहेर ठिबकतेच असे नाही. हवा आत शिरते, खाली डाग पडत नाही.

कसोटी अशी: सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी हातपंप, तो घट्ट लागेपर्यंत, दाबावा. मग सेल्फ मारावा. आम्ही हे केले. हातपंप तीसएक वेळा पोकळ गेला, मग घट्ट झाला, आणि चार अंश तापमानात जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे पाहिले आणि एकेक सांधा तपासत मागे गेलो. दोष ओव्हरफ्लोच्या रबरी नळीत होता. तिच्या टोकाशी क्लिपखाली केसासारखी भेग होती. थंडीत रबर आक्रसून कडक होते तेव्हा ती उघडे, इंजिन तापले की मिटे. हातभर नळी, दोन क्लिपा आणि फिल्टरचे तांब्याचे दोन वॉशर एवढ्यात काम झाले. इंजिन उघडण्याचा प्रस्ताव मागे घेतला.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. नवी बॅटरी अगदी वाया गेली नव्हती. नळीतील हवा बाहेर काढण्यास अर्धा मिनिट सेल्फ फिरावा लागे आणि तेवढा दम जुन्या बॅटरीत थंडीच्या दिवशी उरत नसे. दोन अर्धवट दोष एकत्र आल्याने जीप बंद पडत होती. म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडा गुण आल्यासारखे वाटे आणि आम्ही आणखी फसत असू.

तिसरी तपासणी स्वतः डिझेलची, आणि ती पिंपात डिझेल साठवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. थंडीत डिझेलमधील मेणासारखा अंश गोठू लागतो आणि फिल्टरवर साचतो. आयएस १४६० या भारतीय मानकानुसार डिझेलने फिल्टर तुंबण्याचे तापमान हिवाळ्यात कमाल ६ अंश सेल्सियस, तर उन्हाळ्यात कमाल १८ अंश असू शकते. ऑगस्टमध्ये भरलेल्या पिंपातील डिझेल जानेवारीत वापरले, तर ते उन्हाळी मालाप्रमाणेच वागेल. काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन रात्रभर उघड्यावर ठेवावे. सकाळी ते गढूळ दिसल्यास बाटली घरात आणून ऊब द्यावी. गढूळपणा विरला तर मेण, तळाशी थेंब जमले तर पाणी. पाणी असल्यास फिल्टरचा तळबोल्ट सैल करून ते काढावे. मेण असल्यास फिल्टरभोवती फडके गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतावे आणि टाकीत ताजे हिवाळी डिझेल भरावे. रॉकेल मिसळण्याची प्रथा सर्वत्र आहे. तथापि पंपाचे वंगण डिझेलमधूनच होते, रॉकेलने ते कमी पडते आणि शेवटी पंप झिजतो. लडाखची गोष्ट निराळी. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल २०१९ पासून मिळू लागले.

कॉम्प्रेशन : सर्वांत शेवटी

इंजिन खरोखर झिजलेले असेल तर ते केवळ सकाळीच तक्रार करीत नाही. गरम इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यास जोराचे फूत्कार येतात, ऑइल कमी होत जाते, भाराखाली ओढ कमी पडते. यांपैकी काहीच नसेल तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. आधी टॅपेट तपासून घ्यावेत. फट कमी झाली असेल तर झडप पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. त्यानंतर कॉम्प्रेशन गेजने सर्व सिलिंडर मोजावेत. सर्वांचा दाब सारखाच उतरला असेल तर ती वयोमानाची झीज. एकाचाच उतरला असेल तर झडप, रिंग किंवा हेड गास्केट.

जिवावर बेतणारे उपाय

गाडी सुरू होत नसली की माणसे धाडस करतात. ऑइलच्या टाकीखाली जाळ करणे, पेटती चिंधी हवेच्या नळीशी धरणे, हे उत्तरेत हिवाळ्यात सर्रास दिसते. डिझेलची एखादी ठिबक आणि वाळलेले गवत असले की आग लागण्यास वेळ लागत नाही. हीटर प्लग वा थर्मोस्टार्ट असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तो तप्त प्लगवर अवेळी स्फोटासारखा पेटतो आणि रिंग, पिस्टन फुटतात. बंद शेडमध्ये इंजिन गरम करीत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सर्वांत घातक सवय ट्रॅक्टरची. चावीने सुरू होईना म्हणून जमिनीवर उभे राहून, मागच्या मोठ्या चाकापुढे, स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडले जातात. यामुळे सुरक्षा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेटताक्षणी तो पुढे सरकतो, आणि माणूस नेमका चाकाच्या वाटेत असतो. सेल्फची चाचणी करावयाची असल्यास गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी आणि चालविणारा सीटवर बसलेला, अशीच करावी.